फिरत्या खोलीतलं वाळवण

गाडी कुणाकडे सांभाळायला ठेवू नये, आणि ठेवलीच तर मेव्हण्याकडे ठेवू नये. हे शहाणपण धम्मानंद सोनकांबळे यांना निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आलं. तेही निलंग्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, अंगावर सात कोंबड्या उडाल्यावर.

मेव्हणा नरसिंग शांतपणे म्हणाला, "दाजी, दार हळू उघडायचं की. अंड्यावर बसलीय ती."

"माझ्या गाडीत?"

"मग काय उन्हात बसवू?"

नरसिंगनं गाडी सहा वर्षं सांभाळली होती, यात खोट नाही. गाडीबरोबर त्यानं गाडीत काय काय सांभाळलं, एवढाच प्रश्न होता. मागच्या पलंगावर सोयाबीनचं बियाणं. ओट्याखाली कडबा. बेसिनमध्ये ती खुडूक कोंबडी. गाद्यांचा फोम उंदरांनी काढून त्याची लहान लहान बिऱ्हाडं केली होती, आणि एका बिऱ्हाडाला धम्मानंदांच्या सेवापुस्तकाच्या झेरॉक्सचं अस्तर होतं. तोवरची सगळी निष्कलंक सेवा उंदराच्या पिलांखाली गेली. आणि वास? त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. वाचक जेवून उठला असेल तर बिचाऱ्याचं नुकसान नको.

गाडी म्हणजे एके काळचा सरकारी फिरता दवाखाना. लिलावात निघाला तेव्हा धम्मानंदांनी तो घेतला, आत दोन पलंग, एक ओटा, एक बेसिन बसवलं, बाहेरून निळा रंग मारला. रंग फिका पडला की आतून 'फिरता दवाखाना' ही अक्षरं वर येत. पण धम्मानंद तिला गाडी म्हणत नसत, दवाखाना तर नाहीच. ते म्हणत, 'खोली'.

का, ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी ते आणि बायको पंचशीला घाटातल्या एका थंड हवेच्या गावी गेले. फोनवर खोली सांगून ठेवली होती. लॉजच्या मॅनेजरनं हसून स्वागत केलं, रजिस्टर पुढं केलं. धम्मानंदांनी सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. मॅनेजरनं रजिस्टर स्वतःकडं फिरवलं, आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हां." मग म्हणाला, "फुल झालं बघा सगळं." त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. पंचशीला शिक्षिका, तिनं सवयीनं मोजल्या. सात. दोघं त्याच दिवशीच्या एसटीनं परत फिरले. उगाच गोडगोड लिहिणाऱ्यांनी अशा वेळी 'गैरसमज' असा शब्द वापरावा. मला तो येत नाही.

गाडी तयार झाली, तर कधी लेक विशाखाचं बारावीचं वर्ष, कधी तिचं लग्न, मग लॉकडाऊन. गाडी निलंग्याला गेली ती तिथंच राहिली. आणि यंदा तीस एप्रिलला पंचशीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर कुणीतरी विचारलं, "आता मॅडम पुढं काय?" बाईंनी माईक ओढला.

"मेच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या खोलीत बसून निघणार. एका लॉजसमोर खोली लावणार आणि तिथं झोपून येणार."

दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. धम्मानंदांनी पण वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की खोली निलंग्याला आहे.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "सोमवारी गेलो तर गेलो. न्हाई तर मंगळवारी भंगारवाला येईल. माझं बोलून झालंय."

गाडी नरसिंगच्या ट्रॅक्टरनं ओढून, उदगीरला बॅटरी टाकून, नांदेडला आली आणि मैत्री कॉलनीत धम्मानंदांच्या दारासमोर उभी राहिली. कॉलनीतली माणसं नाकाला रुमाल लावून बघायला आली. समोरचे शेषेराव, रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर, टायरला हात लावून म्हणाले, "बॉडी चांगलीय." ज्या वस्तूत चांगलं म्हणण्यासारखं काहीच नसतं, तिची बॉडी चांगली असते.

मेच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी काचेवर कागद चिकटलेला होता. 'बेवारस वाहन. सात दिवसांत न हलविल्यास उचलण्यात येईल.'

बेवारस! बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क राहिलेला, दोन लेकरांचा बाप माणूस दारात उभा, आणि त्याची गाडी बेवारस! धम्मानंद इस्त्रीचा शर्ट घालून, आरसी बुक काखेत मारून कार्यालयात गेले. कोणत्या, ते लिहीत नाही. सगळी सारखीच असतात. टेबलावर एक बाई होत्या.

"गाडी माझी आहे," धम्मानंद म्हणाले.

"मान्य आहे, काका. आरसीवर नाव आहे."

"मग बेवारस कशी?"

"तुम्ही मालकीचा पुरावा दिला. वापराचा पुरावा पाहिजे. गाडी वापरात आहे असं दाखवा."

"वापरायला आधी साफ करावी लागेल ना?"

"मग साफ करून, वापरून, वापरताना फोटो काढून या."

"तोवर तुम्ही उचलून न्याल!"

"उचलायचं टेबल वेगळं आहे."

धम्मानंदांनी आरसी बुक पुन्हा काखेत मारलं. रागानं नव्हे, ओळखीनं. हे वाक्य त्यांचंच होतं. गेली बत्तीस वर्षं कालव्याच्या पाण्यासाठी आलेल्या माणसांना त्यांनी ते याच सुरात ऐकवलं होतं. आपलंच थुंकलेलं आपल्या अंगावर आलं की माणूस कुणाला शिव्या देणार? ते मुकाट्यानं बाहेर आले आणि रसवंतीवर दोन ग्लास रस प्याले.

घरी येऊन त्यांनी एक फाईल उघडली. वर लिहिलं, 'विषय : वाहनाचा अंतर्भाग स्वच्छ करणेबाबत.' आणि इथंच खरा घोळ झाला. साधा माणूस झाडू घेऊन आत शिरला असता. पण हेडक्लार्कच्या हातून एकही वस्तू निर्लेखन केल्याशिवाय फेकली जात नाही. सरकारी खुर्चीचा पाय मोडला तरी ती कागदावर मरावी लागते, मगच खोलीबाहेर जाते. धम्मानंदांनी वही आखली. 'फोमची गादी, नग दोन, उंदरांनी खाल्लेली. कडबा, पेंढ्या चार. अंडी, नग तीन, स्थिती संशयास्पद.' प्रत्येक नोंदीखाली पंच म्हणून शेषेरावांची सही.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत अकरा वस्तूंचं निर्लेखन झालं. गाडी होती तशीच होती.

पंचशीला दारात येऊन उभी राहिली. "अहो, तुम्ही गाडी साफ करून राहिलात का तिची चौकशी करून राहिलात?"

"प्रक्रिया आहे, पंचशीला."

"पाच दिवस राहिलेत."

दुसऱ्या दिवशी वस्तू संपल्या आणि उरला वास. वस्तूला सही करून बाहेर काढता येतं. वास सहीला भीत नाही. मग सल्ले सुरू झाले. शेषेराव म्हणाले, लिंबू आणि सोडा. तीन डझन लिंबं पिळून झाली. आता वास कोंबडीचा आणि लिंबाचा असा मिळून येऊ लागला, आणि दोन पोरांना भूक लागली. कॉलनीचे सचिव मृत्युंजय, ज्यांना कुठलंही काम स्वतः केलेलं कुणी पाहिलं नाही, ते म्हणाले, कॉफी पावडर ठेवा. ठेवली. मुंग्या आल्या. कुणी म्हणालं चुना, तर चुन्यानं धम्मानंदांचे हात उलले आणि सनमायका पांढरा पडला. पाण्याच्या टाकीत हात घातला तर बेडूक निघाला. त्याची नोंद कुठल्या सदरात घ्यावी यावर दोन निवृत्त माणसांनी पाऊण तास घालवला. जिवंत असल्यामुळं निर्लेखन होईना. शेवटी बेडूक कंटाळून स्वतःच गेला.

गुरुवारी रात्री पंचशीलानं भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

धम्मानंदांना जेवण गेलं नाही. गाडीचं दुःख नव्हतं. एसटीच्या खिडकीशी बसलेली, सात किल्ल्या मोजून आलेली बायको त्यांना दिसत होती. त्या दिवशी काउंटरवर ते एक शब्द बोलले नव्हते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जात चुका काढणारा माणूस तेव्हा 'बरं' म्हणून बॅग उचलून निघाला होता. त्या 'बरं'चं निर्लेखन अजून बाकी होतं.

शुक्रवारी शेषेरावांनी शेवटचा उपाय काढला. "साहेब, आपले बापजादे धान्याच्या कणगीला काय करायचे? कडुनिंबाचा धूर! किडा ऱ्हात न्हाई, वास ऱ्हात न्हाई."

"गाडीत?"

"कणगी काय न् गाडी काय, दोन्हीला झाकण हाय."

विज्ञानाच्या मास्तरानं सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. पत्र्याच्या घमेल्यात निखारे, त्यावर कडुनिंबाचा ओला पाला, घमेलं गाडीच्या मधोमध, दारं-खिडक्या बंद. दोघं सावलीत बसून चहा पिऊ लागले. पाच मिनिटांत गाडीच्या प्रत्येक फटीतून पिवळा-पांढरा धूर निघायला लागला. फटी किती आहेत ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. 'फिरता दवाखाना' ही अक्षरं धुरात तरंगत होती.

"आग! आग!" मृत्युंजयनी गॅलरीतून ओरडण्याचं काम मात्र चोख केलं.

मग कॉलनी धावली. बादल्या आल्या, टँकरची पाइप आली. धम्मानंद "आग न्हाई, उपाय आहे! उपाय आहे!" म्हणून आडवे झाले, तर लोकांना वाटलं माणूस धक्क्यानं बडबडतोय. आधी त्यांच्या अंगावर पाणी ओतलं, मग गाडीच्या आत. तीन टाक्या. मे महिन्यात, नांदेडात, जिथं चार दिवसांआड नळ येतो, तिथं तीन टाक्या पाणी. धम्मानंदांनी भिजलेल्या फाईलीकडं पाहिलं आणि मातीत बसले.

तासाभरानं शेजारच्या गच्चीवरून महानंदाबाई खाली आल्या. पदर खोचलेला, हातात एक कुरडई. बाई कॉलनीतल्या उन्हाळी कामांच्या मुख्यमंत्री. पापड कधी लाटायचे, चीक कधी शिजवायचा, त्यांच्याशिवाय ठरत नाही. त्यांनी कुरडई धम्मानंदांच्या नाकासमोर धरली.

"वास घ्या."

"कडुनिंब..." धम्मानंद म्हणाले.

"पायलीभर गव्हाच्या कुरडया! तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटं उठून घातल्या. सगळ्या कडू केल्या तुम्ही. दुसरी खेप भिजलीय माझी, उद्या चीक निघंल. आता गच्चीवर घालू कुठं? धुरानं वानरं चवताळलीत, समदी माझ्याच गच्चीवर येऊन बसलीत."

धम्मानंद काही बोलणार, तर पंचशीला मधे आली. "महानंदाताई, चूक झाली. गाडीतच घाला कुरडया."

ती रागानं बोलली का विनोदानं, तिचं तिलाच माहीत नसावं. पण महानंदाबाई गाडीच्या दारातून आत डोकावल्या. उन्हानं गाडीतलं पाणी वाफ होऊन निघालं होतं. पत्रा तव्यासारखा तापलेला. तिन्ही टाक्यांचं पाणी तासाभरात सुकत आलेलं. बाईंनी आत हात फिरवला, जसं सुगरण तेल तापलं का बघते.

"माय! भट्टी हाय ही," त्या म्हणाल्या. "धूळ न्हाई, वानर न्हाई, कबुतर न्हाई. दोन दिवसांत कडक व्हतील."

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. कॉलनीला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत महानंदाबाईंनी पंचशीलाच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. भांडण नव्हतं. "नंतर घेते," म्हणायच्या. ते 'नंतर' सोळा वर्षं आलं नाही, आणि कुणी कुणाला विचारलंही नाही. दोघीही कारण जाणत होत्या. आता त्याच बाई सोनकांबळ्यांच्या गाडीत वर्षाच्या कुरडया घालायला निघाल्या होत्या. माणसाचं सोवळं कशानं सुटत नाही ते वानरानं सुटतं, हे मी या घटनेवरून शिकलो.

"पण घाण केवढी ठेवलीय," महानंदाबाई म्हणाल्या. "बाप्ये साफ करत व्हते का चार दिवस? व्हा बाजूला."

शनिवारी सकाळी पाच घरच्या बाया आत शिरल्या. शिकेकाई, राख, काथ्या, उकळतं पाणी. कुणी पलंगाच्या फळ्या काढून उन्हात टाकल्या, कुणी रेक्झिन खरडलं, एकीनं टाकीत तुरटी फिरवली. धम्मानंद वही घेऊन दाराशी आले, "फळ्यांची नोंद..." आतून ओलं फडकं आलं आणि वहीवर बसलं. दोन तासांत गाडी अशी निघाली की सनमायकात तोंड दिसावं. फिरता दवाखाना असतानाही ती एवढी स्वच्छ नसावी.

दुपारी प्लॅस्टिकचे कागद अंथरले गेले. पलंगावर, ओट्यावर, खाली, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरसुद्धा सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया पडल्या. मधे पंचशीलानं चहा केला. सगळ्यांना दिला. महानंदाबाईंच्या हाताला चीक लागलेला होता.

"नंतर घेता का?" पंचशीलानं विचारलं.

महानंदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "धर माझ्या तोंडाला," म्हणाल्या. "निवल तो."

रविवारी उरलेल्या घरांच्या कुरडया पडल्या. आणि धम्मानंदांच्या लक्षात आलं की सोमवार उद्या आहे.

"ताई, सकाळी सातला निघायचंय," ते म्हणाले.

"आं? अर्ध्या वल्ल्या हायत. हलवल्या की मोडल्या. मंगळवारपर्यंत हात लावायचा न्हाई."

गाडी हलवायची नाही. आणि न हलवली तर सातवा दिवस.

सोमवारी पावणेसातला क्रेन आली. बरोबर एक साहेब, हातात यादी.

"बेवारस वाहन," साहेब म्हणाले.

महानंदाबाई दारासमोर उभ्या राहिल्या. मागं चार बाया, एकीच्या हातात लाटणं. ते तिथं कशाला आलं होतं देव जाणे. "बेवारस? हिला पाच घरं वारस हायत! हात लावून बघ एका कुरडईला!"

"बाई, नियम आहे. गाडी वापरात पाहिजे."

पंचशीलानं दार उघडलं. आतून उन्हात तापलेल्या गव्हाचा गोड वास आला. साहेबांनी डोकं आत घातलं आणि तिथंच ठेवलं. हजारभर कुरडया ओळीनं बसल्या होत्या, वर्गात बसल्यासारख्या.

"आमची आई पण घालायची," साहेब आतूनच म्हणाले.

धम्मानंद पुढं झाले. त्या काउंटरवर न निघालेला आवाज आता निघाला. "साहेब, वापराचा पुरावा समोर आहे. लिहा. 'वाहन प्रत्यक्ष पाहिले. वापरात आहे.' खाली तारीख आणि सही. मी बत्तीस वर्षं हेच केलंय. शेरा मला सांगता येतो."

साहेबांनी लिहिलं. सही केली. एक ओली कुरडई तोंडात टाकली आणि क्रेन घेऊन गेले.

सात वाजायला चार मिनिटं होती. सगळे पंचशीलाकडं बघत होते. ती आत गेली, पिशवी घेऊन आली आणि सीटवरच्या कुरडया अलगद मागं सरकवून बसली.

"ताई, मी यांना घेऊन जाते. दर दोन तासांनी पलटीन. शाळा चाळीस वर्षं... बरं, छत्तीस वर्षं सांभाळली. कुरडया सांभाळीन."

महानंदाबाई घरात जाऊन आल्या. मग तेलाचा डबा आणि कढई आत ठेवली. "मोडक्या तुमच्या. अख्ख्या आमच्या."

हा करार करताना महानंदाबाई आपल्याकडचे रस्ते विसरल्या. लोह्यापर्यंत पंचवीस मोडल्या, अहमदपूरपर्यंत शंभर. दर खड्ड्याला मागून कट्‌ असा आवाज येई आणि धम्मानंद दचकत. पंचशीला मात्र खूश. "जाऊ द्या जोरात," ती म्हणे. लातूरच्या अलीकडं लिंबाखाली गाडी लावून निवृत्त हेडक्लार्क आणि निवृत्त मुख्याध्यापिका गुडघ्यावर बसून कुरडया पलटत होते, तेव्हा एक म्हातारी गाडीवरची अक्षरं वाचून आली आणि तिनं बीपी तपासायला हात पुढं केला. तिला चार कुरडया दिल्या. तिला बरं वाटलं.

रात्री पुण्यात लेकीकडं, विशाखाकडं मुक्काम झाला. पलंगावर कुरडया होत्या, त्यामुळं माणसं वर फ्लॅटमध्ये झोपली. मंगळवारी दुपारपर्यंत त्या कडक वाळल्या, डब्यात गेल्या आणि पलंग मोकळे झाले. संध्याकाळी पाचला निळी गाडी घाटातल्या त्या गावात, त्या लॉजच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं उभी राहिली.

पंचशीलानं दार उघडलं, पायरीवर स्टोव्ह ठेवला आणि मोडक्या कुरडया तळायला घेतल्या. थंड हवेत तळणाचा वास घाटभर पसरला. लॉजमधून एक माणूस रस्ता ओलांडून आला. केस पांढरे झाले होते. बोट तेच होतं.

"काय हो, कशाचा वास सुटलाय? कुरडया? एखादी मिळेल का? पैसे देतो."

पंचशीलानं पिशवीतून वही काढली. निर्लेखनाचीच वही, पाण्यानं फुगलेली. पुढं केली, पेन दिला.

"पूर्ण नाव लिहा."

माणूस हसला, पण लिहिलं. पंचशीलानं वही स्वतःकडं फिरवली. आडनावावर बोट ठेवलं.

"हां," ती म्हणाली.

तिच्या मागं, गाडीच्या फळीवर, कुरडयांचे सात डबे ओळीनं होते. माणूस डब्यांकडं बघत उभा. कढईत तेल तडतडत होतं. पंचशीलानं एक एक करून कढईतल्या कुरडया काढल्या. मग तिनं झाऱ्यावरची सगळ्यांत मोठी कुरडई त्याच्या हातावर ठेवली.

"खा. जपून, तोंड भाजेल."

त्यानं खाल्ली. "वा! मराठवाड्याच्या का? याआधी आला होतात काय इकडं?"

"आलो होतो, बारा वर्षांपूर्वी," धम्मानंद म्हणाले. "तेव्हा तुमचं फुल होतं. सात किल्ल्या लटकत होत्या."

माणसाचं चावणं थांबलं. त्यानं वहीकडं पाहिलं, मग दोघांकडं. बराच वेळ हातातल्या अर्ध्या कुरडईचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "आता... आत खोली रिकामी आहे. चांगली, दरीकडची. या ना. पैशाचं बघू नका."

पंचशीलानं दुसरी कुरडई तेलात सोडली. ती फुलून कढईभर झाली.

"नको," ती म्हणाली. "आम्ही आमची घेऊन आलोय."

माणूस गेल्यावर धम्मानंदांनी वही उघडली, शेवटची ओळ आखली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बरं, नग एक, बारा वर्षे जुने. निर्लेखित.' पंच म्हणून पंचशीलानं सही केली. तेलकट बोटांनी.